शेरा

दिवाळीपासून मी काहीच लिहिलं नव्हतं.
म्हणजे, दुधाचा हिशेब लिहिला,
तोही मधेच सोडला,
कारण 'अर्धा लिटर' लिहितानाही वाटायचं
याहून बरा शब्द असणार कुठंतरी.

टेबलावर वही. वहीवर चष्मा. चष्म्यावर धूळ.
बहिणीला मिरजेस धाडायचं पत्र
'प्रिय सुलू,' इथवर पोचलं
आणि स्वल्पविरामाच्या शेपटीला
चार महिने लोंबकळत राहिलं.

नार्व्याच्या धक्क्यावर सगुण भेटला.
फेरीबोटीचा दोर तोच टाकतो,
नोंदवहीही त्याच्याचकडे.
उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.
काजूच्या झाडावरून पडलो, म्हणाला.
(झाडावरून कसला, बाटलीवरून, असं त्याची बायको.)
डाव्या हातानं पेन माझ्यापुढं धरलं:
"बरय गो बाय."

अठरा वर्षं झाली इथं शिकवायला येऊन,
तरी माझा मिरजेचा कान दर वेळी फसतो.
यांच्यात 'बरय' म्हणजे लिही.
मला ऐकू येतं, बरंय.
बरंय, चालतंय, काही बिघडलेलं नाही.

वहीत पाच रकाने.
वेळ. कुठून. दुचाक्या. गाड्या. शेरा.
६.४०. नार्वे. नऊ. दोन. काही नाही.
७.०५. दिवाडी. चार. एक. काही नाही.
शाळेआधी दोन फेऱ्या, शाळा सुटल्यावर तीन.
अक्षर थरथरायचं, इंजिनामुळं,
आणि ती सबब मला फार आवडली.

पहिला आठवडा सगळा काही नाही, काही नाही.
पण इतकं नीट, वेलांटीसकट काही नाही
मी कित्येक महिन्यांत लिहिलं नव्हतं.

मग एका बुधवारी, ५.२०च्या फेरीला,
पोदेराची सायकल चढली. टोपलीवर निळं प्लास्टिक.
पावांच्या वासानं
इंजिनाजवळ झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
दुचाक्या सहा, अधिक ही एक.
शेरा
इथं मी थांबले.
रकाना दोन बोटं रुंद.
दोन बोटांत मावेल तेवढंच लिहायचं होतं,
आयुष्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.
'कुत्रं जागं झालं.'

गुरुवारी: 'खाजनात पाणी. बगळे बांधावर.'
शुक्रवारी: 'कायतानबाबची पेटी. सोबत नऊ माणसं.
आज कुणी हॉर्न वाजवला नाही.'
शनिवारी: 'गाडी बंद पडली. सगळ्यांनी ढकलली,
मालक आत बसून.'

सोमवारी खात्याचे साहेब वही तपासायला आले.
पान उलटलं. परत उलटलं.
"शेऱ्यात कुत्रं कशाला?"
सगुण दोराकडे बघत म्हणाला,
"आशिल्लें, सायब."
होतं, म्हणून.
साहेबांनी खाली लाल सही ठोकली,
कुत्र्यावर काट मारली नाही.
माझ्या छापून आलेल्या कुठल्याही लेखाला
याहून चांगला अभिप्राय मिळालेला नाही.

प्लास्टर निघालं. पेन मी परत केलं.
आता शेऱ्यात त्याचं तिरकं 'कांय ना',
पानामागून पान.
काल मात्र, डोकावले तर, मधल्याच एका ओळीत:
'सुसर पळयली. फट न्हय.'

घरी येऊन चष्मा पुसला.
'प्रिय सुलू,' पुढं साडेपाच महिन्यांची जागा होती.
लिहिलं:
६.४०. धुकं. दिवाडीचा काठ दिसत नव्हता,
बोट सुटली.
दुचाक्या तीन.
तुझे गुडघे कसे आहेत?